आभासीकरणातील उपकरण-स्मृतीचे पेज फॉल्ट

आभासीकरणातील उपकरण-स्मृतीचे पेज फॉल्ट ही संगणकशास्त्रातील एक संकल्पना आहे. एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत असताना एखाद्या आभासी यंत्राने उपकरणाच्या स्मृतीत, किंवा एखाद्या उपकरणाने आभासी यंत्राच्या स्मृतीत वाचन वा लेखन करू पाहिले आणि त्या पत्त्याचे भाषांतर त्या क्षणी उपलब्ध नसले, तर तो व्यवहार मध्येच अडतो. या अडवणुकीस पेज फॉल्ट असे म्हणतात. तिची नोंद घेणे, कारण शोधणे आणि व्यवहार सुरळीत पूर्ण करणे किंवा नाकारणे हे हायपरवायझरचे, म्हणजे आभासी यंत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रणालीचे काम असते.

साध्या स्मृतीच्या पेज फॉल्टची हाताळणी १९६० च्या दशकापासून रूढ आहे. उपकरणांचा संबंध आला की मात्र दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. उपकरणाची स्मृती ही केवळ साठवणुकीची जागा नसते. तिच्यात केलेले प्रत्येक वाचन वा लेखन ही उपकरणाला दिलेली आज्ञा असू शकते. शिवाय प्रोसेसर हवा तितका वेळ थांबू शकतो, परंतु उपकरण बहुधा थांबू शकत नाही. या विषयातील बहुतेक तंत्रे या दोन अडचणींवरील उपाय आहेत.

## पार्श्वभूमी

### आभासी स्मृती

आधुनिक संगणकात चालणारा प्रोग्राम प्रत्यक्ष स्मृतीचे पत्ते वापरत नाही. त्याला आभासी पत्ते दिलेले असतात. स्मृती ठरावीक आकाराच्या पृष्ठांत विभागलेली असते. एक्स८६ प्रोसेसरवर पृष्ठाचा नेहमीचा आकार ४ केबी असतो. कोणते आभासी पृष्ठ प्रत्यक्ष स्मृतीत कोठे आहे, याची नोंद पृष्ठसारणीत असते. प्रोसेसरमधील स्मृती व्यवस्थापन एकक ही सारणी वाचून प्रत्येक पत्त्याचे भाषांतर करते.

सारणीत नोंद नसेल किंवा नोंद असूनही तसा व्यवहार करण्याची परवानगी नसेल, तर प्रोसेसर चालू आज्ञा थांबवून नियंत्रण संचालन प्रणालीकडे सोपवतो. हाच पेज फॉल्ट होय. नावात ‘फॉल्ट’ असला तरी हा बिघाड नव्हे. डहाणू किंवा तलासरीच्या तहसील कचेरीत एखादा जुना दस्तऐवज मागितला आणि तो टेबलावर नसला, तर कारकून अभिलेख कक्षातून बस्ता काढून आणतो आणि अर्जदार तोवर थांबतो. संचालन प्रणालीही तसेच करते. ती हवे असलेले पृष्ठ डिस्कवरून आणते किंवा नवे कोरे पृष्ठ देते, सारणीत नोंद करते आणि अडलेली आज्ञा पुन्हा चालवते. प्रोग्रामला मध्ये काही घडल्याचे कळतही नाही.

मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकात ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आली.

### आभासीकरणातील दुहेरी भाषांतर

आभासी यंत्रात चालणाऱ्या संचालन प्रणालीला अतिथी प्रणाली आणि मूळ संगणकावरील प्रणालीला यजमान प्रणाली म्हणतात. अतिथी प्रणाली आपल्या प्रोग्रामांसाठी स्वतःची पृष्ठसारणी ठेवते. परंतु ती ज्याला प्रत्यक्ष पत्ता समजते तो खरोखरीचा प्रत्यक्ष पत्ता नसतो. त्याचे पुन्हा एकदा यजमानाच्या पत्त्यात भाषांतर करावे लागते.

आरंभी हे काम छाया पृष्ठसारणी या तंत्राने होत असे. हायपरवायझर दोन्ही भाषांतरे एकत्र करून तिसरी सारणी तयार करी आणि प्रोसेसरला तीच दाखवी. अतिथी प्रणालीने आपल्या सारणीत बदल केला की छाया सारणीही बदलावी लागे, त्यामुळे हे तंत्र खर्चिक होते. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दुसऱ्या स्तराची सारणी थेट प्रोसेसरमध्ये आणली. इंटेलच्या या सुविधेस विस्तारित पृष्ठसारणी असे नाव आहे. दोन्ही सारण्या चार पातळ्यांच्या असतील, तर एका पत्त्याच्या पूर्ण भाषांतरासाठी जास्तीत जास्त २४ वेळा स्मृती वाचावी लागू शकते. म्हणून झालेली भाषांतरे एका लहान, वेगवान साठ्यात जपून ठेवली जातात.

या रचनेत फॉल्टही दोन प्रकारचे होतात. पहिल्या स्तरावरील फॉल्ट अतिथी प्रणालीचा असतो व तो तिनेच सोडवायचा असतो. दुसऱ्या स्तरावरील फॉल्ट हायपरवायझरकडे जातो आणि अतिथी प्रणालीला त्याचा पत्ता लागत नाही. कोणता फॉल्ट कोणाचा, हे ठरवणे पुढील सर्व हाताळणीचा पाया आहे.

## उपकरण-स्मृतीचे स्वरूप

नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक, ग्राफिक्स प्रोसेसर यांसारख्या उपकरणांची रजिस्टरे आणि त्यांची अंतर्गत स्मृती प्रोसेसरच्या पत्त्यांच्या पटावर मांडलेली असते. पीसीआय जातीच्या उपकरणाला अशा जास्तीत जास्त सहा खिडक्या मांडता येतात. प्रोसेसर साध्या वाचन-लेखनाच्या आज्ञांनीच उपकरणाशी बोलतो. या पद्धतीस स्मृती-निगडित आदानप्रदान किंवा एमएमआयओ म्हणतात.

साध्या स्मृतीपेक्षा उपकरण-स्मृती पुढील बाबतींत वेगळी असते:

* वाचनाचेही परिणाम होतात. एखादे स्थितिदर्शक रजिस्टर वाचले की त्यातील खूण पुसली जाऊ शकते. म्हणून तेच वाचन उगाच दोनदा करून चालत नाही.
* प्रत जपून ठेवता येत नाही. प्रोसेसरने रजिस्टराचे जुने मूल्य आपल्या कॅशमध्ये ठेवले, तर उपकरणाची आजची स्थिती कळणार नाही. म्हणून पृष्ठसारणीत या पृष्ठांवर ‘कॅश करू नये’ अशी खूण करावी लागते.
* पृष्ठ डिस्कवर हलवता येत नाही. साधे पृष्ठ डिस्कवर ठेवून जागा मोकळी करता येते. रजिस्टर मात्र जेथे आहे तेथेच राहते.
* जागा नाहीशी होऊ शकते. उपकरण बंद केले, पुनःप्रारंभित केले किंवा काढून घेतले, तर त्याच्या पत्त्यांवर उत्तर देणारे कोणीच उरत नाही. एक्स८६ संगणकांवर अशा वेळी वाचनाचे उत्तर बहुधा सर्व बिट १ असलेली संख्या म्हणून येते.

## प्रोसेसरकडून होणारे फॉल्ट

### अनुकरण केलेली उपकरणे

आभासी यंत्रातील पुष्कळ उपकरणे खरी नसतात. हायपरवायझर सॉफ्टवेअरच्या आधारे त्यांचे अनुकरण करतो. अशा वेळी पेज फॉल्ट हेच मुख्य साधन ठरते. उपकरणाच्या पत्त्यांची नोंद दुसऱ्या स्तराच्या सारणीत मुद्दाम केलीच जात नाही, त्यामुळे त्या पत्त्यावरील प्रत्येक व्यवहार अडतो आणि नियंत्रण हायपरवायझरकडे येते.

लिनक्समधील केव्हीएम हा हायपरवायझर आणि त्याच्यासोबत वापरला जाणारा क्यूएमू हा अनुकारक यांच्यात ही हाताळणी साधारणपणे पुढीलप्रमाणे होते:

1. अतिथी प्रणालीचा ड्रायव्हर उपकरणाच्या रजिस्टरात लेखन करतो.
2. दुसऱ्या स्तराच्या सारणीत नोंद नसल्याने प्रोसेसर आभासी यंत्रातून बाहेर पडतो.
3. त्या पत्त्यावर साधी स्मृती नेमलेली आहे का, हे केव्हीएम पाहतो. नसेल तर तो पत्ता उपकरणाचा मानला जातो.
4. केव्हीएम अडलेल्या आज्ञेचा उलगडा करतो: वाचन की लेखन, किती बाइटांचे आणि कोणत्या रजिस्टराशी संबंधित.
5. उपकरणाचे अनुकरण कर्नेलमध्येच असेल, तर काम तेथेच आटोपते. नसेल तर ते क्यूएमूकडे जाते.
6. मिळालेले उत्तर अतिथीच्या प्रोसेसरच्या रजिस्टरात ठेवले जाते आणि अडलेल्या आज्ञेच्या पुढील आज्ञेपासून आभासी यंत्र पुन्हा सुरू होते.

साध्या पेज फॉल्टहून यातील फरक शेवटच्या पायरीत दिसतो. साध्या फॉल्टमध्ये उणीव भरून काढून तीच आज्ञा पुन्हा चालवली जाते आणि त्या पृष्ठावर पुढे फॉल्ट होत नाही. येथे उणीव कधीच भरली जात नाही. आज्ञेचा परिणाम हायपरवायझर स्वतः घडवून आणतो आणि त्याच पत्त्यावरील पुढचा व्यवहारही पुन्हा अडतो.

प्रत्येक वेळी आभासी यंत्रातून बाहेर पडून परत जाण्यास प्रोसेसरची हजार वा त्याहून अधिक चक्रे खर्च होतात. क्यूएमूपर्यंत जावे लागल्यास हा खर्च आणखी वाढतो. तो कमी करण्यासाठी केव्हीएम पहिल्या फॉल्टनंतर सारणीत मुद्दाम एक अवैध स्वरूपाची नोंद ठेवतो. पुढच्या वेळी त्या खुणेवरून ‘हा उपकरणाचा पत्ता आहे’ हे तात्काळ ओळखता येते आणि तिसरी पायरी वाचते.

याहून मोठी बचत व्हर्टिओ या पद्धतीने झाली. लिनक्समध्ये ती २००८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून आहे. व्हर्टिओ ड्रायव्हर आपली कामे साध्या स्मृतीतील एका रांगेत लिहितो व शेवटी एकदाच इशारा देतो. त्यामुळे अनेक रजिस्टरे लिहिताना होणारे अनेक फॉल्ट टळून एकाच फॉल्टवर काम भागते.

### थेट सोपवलेली उपकरणे

वेग महत्त्वाचा असेल तेथे खरे उपकरणच एखाद्या आभासी यंत्राच्या स्वाधीन केले जाते. लिनक्समध्ये यासाठी व्हीएफआयओ ही चौकट वापरतात. ती २०१२ मध्ये ३.६ या आवृत्तीत समाविष्ट झाली. येथे उपकरणाच्या खिडक्या दुसऱ्या स्तराच्या सारणीत नोंदवल्या जातात, त्यामुळे बहुतेक वाचन-लेखन हायपरवायझरला न विचारता थेट उपकरणापर्यंत पोहोचते.

तरीही सर्वच पृष्ठे खुली केली जात नाहीत. उपकरणाची मूळ मांडणी ठरवणारी रजिस्टरे आणि इंटरप्ट कोठे पाठवायचे हे सांगणारा तक्ता यांवरील व्यवहार अडवूनच हाताळले जातात. अतिथी प्रणाली तेथे जे पत्ते लिहिते ते तिच्या दृष्टीने खरे असले, तरी यजमानाच्या दृष्टीने निरर्थक असतात.

खुल्या केलेल्या खिडक्यांची नोंद आधीच करायची की पहिला व्यवहार होईल तेव्हा करायची, हा पुढचा प्रश्न आहे. तेव्हाच करायची ठरल्यास पहिल्या व्यवहारात फॉल्ट होतो. या पृष्ठांमागे यजमानाची साधी स्मृती नसल्याने फॉल्ट हाताळणारा भाग नवे पृष्ठ शोधत बसत नाही. तो उपकरणाचा प्रत्यक्ष पत्ता सारणीत लिहितो आणि ‘कॅश करू नये’ ही खूण जोडतो.

#### २०२० मधील सुरक्षा-दोष

ही नोंद कायमची ठेवणे किती धोक्याचे ठरू शकते, हे २०२० मध्ये दिसून आले. पीसीआय उपकरणाच्या आज्ञा-रजिस्टरात एक बिट असतो. तो ० केला की उपकरण आपल्या स्मृतीच्या पत्त्यांवर उत्तर देणे थांबवते. आभासी यंत्राने आधी हा बिट बंद करून नंतर पूर्वीच नोंदवलेल्या खिडकीत वाचन केले, तर उत्तर न मिळाल्याची त्रुटी हार्डवेअरच्या स्तरावर नोंदली जाई. काही संगणकांवर ही त्रुटी प्राणघातक मानली जाते व संपूर्ण यजमान संगणक बंद पडू शकतो. म्हणजे एका आभासी यंत्रातील चूक किंवा खोडसाळपणा त्याच संगणकावरील इतर सर्वांना भोवला असता. या दोषास सीव्हीई-२०२०-१२८८८ हा क्रमांक देण्यात आला.

दुरुस्ती लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीत आली आणि ती पेज फॉल्टवरच आधारलेली आहे. खिडकीच्या नोंदी आता पहिल्या व्यवहाराच्या वेळी फॉल्टमधून केल्या जातात. उपकरणाची स्मृती बंद होताच त्या सर्व पुसल्या जातात. त्यानंतर कोणी तेथे वाचन करू पाहिले, तर पुन्हा फॉल्ट होतो. उपकरण बंद असल्याचे लक्षात येते आणि व्यवहार करणाऱ्या प्रक्रियेला त्रुटीचा संदेश मिळतो. अडचणीत येते ती एक प्रक्रिया, संपूर्ण संगणक नव्हे.

#### पृष्ठाच्या आकाराचा प्रश्न

खिडकी लहान असेल तर एकेक पृष्ठ नोंदवणे परवडते. आधुनिक ग्राफिक्स प्रोसेसरची स्मृती मात्र दहा-दहा जीबींच्या पटीत असते. ४० जीबी स्मृती ४ केबीच्या पृष्ठांत मांडली, तर १,०४,८५,७६० पृष्ठे होतात. प्रत्येकासाठी एक फॉल्ट झाला, तर आभासी यंत्र सुरू होण्यासच बराच वेळ लागेल. तीच स्मृती २ एमबीच्या पृष्ठांत २०,४८० आणि १ जीबीच्या पृष्ठांत अवघ्या ४० नोंदींत मावते. उपकरण-स्मृतीच्या फॉल्टमध्ये अशी मोठी पृष्ठे नोंदवण्याची सोय लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत, २०२४ मध्ये आली.

## उपकरणाकडून होणारे फॉल्ट

### थेट स्मृतिप्रवेश आणि आयओएमएमयू

नेटवर्क कार्ड किंवा डिस्क नियंत्रक प्रोसेसरला मध्ये न घेता स्वतःच मुख्य स्मृतीत वाचन-लेखन करतात. यास थेट स्मृतिप्रवेश किंवा डीएमए म्हणतात. उपकरण आभासी यंत्राला थेट सोपवले असेल, तर ड्रायव्हर त्याला अतिथीचे पत्ते सांगतो. ते भाषांतराविना वापरले गेले, तर उपकरण भलत्याच आभासी यंत्राच्या किंवा यजमानाच्या स्मृतीत लेखन करील.

हे टाळण्यासाठी उपकरणे आणि मुख्य स्मृती यांच्यामध्ये आयओएमएमयू हे एकक बसवले जाते. ते उपकरणाच्या प्रत्येक पत्त्याचे भाषांतर करते आणि परवानगी नसलेला व्यवहार रोखते. इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी या एककाची आपापली विनिर्देशने २००६ च्या सुमारास प्रसिद्ध केली.

### उपकरण का थांबू शकत नाही

प्रोसेसरची आज्ञा अडली, तर तिची संपूर्ण स्थिती जपून ठेवता येते आणि पृष्ठ आणल्यावर ती पुन्हा चालवता येते. उपकरणाला सहसा तशी सोय नसते. नेटवर्कवरून येणारी पाकिटे थांबत नाहीत. कार्डातील लहानसा साठा भरला की पुढची पाकिटे गळतात. डिस्कवरून पृष्ठ आणण्यास लागणारा वेळ पाकिटांमधील अंतराच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे जुन्या रचनेत आयओएमएमयूला नोंद सापडली नाही, की तो व्यवहार रद्द होई व केवळ त्रुटीची नोंद राही.

### स्मृती जखडून ठेवणे

यावरील परंपरागत उपाय म्हणजे फॉल्ट होऊच न देणे. उपकरण ज्या ज्या पृष्ठांना स्पर्श करू शकेल, ती सर्व पृष्ठे आधीच आणून प्रत्यक्ष स्मृतीत जखडून ठेवली जातात. आयबीएमच्या सीपी-६७ या १९६० च्या दशकातील प्रणालीतही हेच करावे लागे. त्या संगणकांच्या आदानप्रदान वाहिन्या प्रत्यक्ष पत्तेच समजत. म्हणून सीपी-६७ आभासी यंत्राने लिहिलेल्या वाहिनी-आज्ञांतील पत्ते बदलून देई आणि काम संपेपर्यंत संबंधित पृष्ठे जागेवरून हलू देत नसे.

मात्र तेव्हा एका कामापुरती काही पृष्ठे जखडली जात. आजच्या थेट सोपवलेल्या उपकरणाच्या बाबतीत ते कोणते पृष्ठ कधी वापरील हे हायपरवायझरला कळत नाही, म्हणून आभासी यंत्राची संपूर्ण स्मृती जखडावी लागते. त्याचे परिणाम पुढीलप्रमाणे होतात:

* स्मृतीचे अतिवाटप करता येत नाही. २५६ जीबी स्मृतीच्या यजमानावर ६४ जीबीची चार यंत्रे सुरू केली, की यजमान भरला. प्रत्येक यंत्र प्रत्यक्षात २० जीबीच वापरत असले, तरी उरलेली जागा इतरांना देता येत नाही.
* बलूनिंग निरुपयोगी ठरते. व्हीएमवेअरमधील कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ च्या शोधनिबंधात मांडलेल्या या तंत्रात अतिथी प्रणालीकडून न वापरलेली पृष्ठे परत घेतली जातात. जखडलेली पृष्ठे अशी परत घेता येत नाहीत.
* आभासी यंत्र सुरू होण्यास वेळ लागतो. सर्व पृष्ठे आरंभीच मिळवून नोंदवावी लागतात.
* चालू यंत्राचे स्थलांतर कठीण होते. यंत्र चालू असतानाच दुसऱ्या संगणकावर नेताना कोणती पृष्ठे बदलली हे कळावे लागते. प्रोसेसरने केलेले बदल लेखन-फॉल्टद्वारे टिपता येतात, पण उपकरणाने केलेले बदल तसे टिपता येत नाहीत. नव्या आयओएमएमयूंमध्ये बदललेल्या पृष्ठांवर खूण करण्याची वेगळी सोय यासाठीच दिलेली आहे.

### पृष्ठ-विनंतीची पद्धत

उपकरणालाच थांबायला शिकवणे हा दुसरा मार्ग आहे. पीसीआय मानके ठरवणाऱ्या पीसीआय-सिग या संस्थेने पत्ता-भाषांतर सेवेच्या विनिर्देशात २००९ च्या सुधारित आवृत्तीद्वारे पृष्ठ-विनंतीची सोय केली. तिचा क्रम असा:

1. उपकरण प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी आयओएमएमयूकडे पत्त्याचे भाषांतर मागते.
2. पृष्ठ उपलब्ध नसेल, तर आयओएमएमयू तसे कळवते.
3. उपकरण ते काम बाजूला ठेवून पृष्ठ-विनंती पाठवते आणि शक्य असल्यास दुसरे काम करते.
4. विनंती आयओएमएमयूच्या रांगेत पडते व प्रोसेसरला इंटरप्ट जातो.
5. संचालन प्रणाली पृष्ठ आणते, सारणीत नोंदवते आणि उत्तर पाठवते.
6. उपकरण पुन्हा भाषांतर मागते आणि अडलेले काम पूर्ण करते.

ही सोय उपकरणातच असावी लागते, म्हणून जुनी उपकरणे तिचा लाभ घेऊ शकत नाहीत. नेटवर्क कार्डांसाठी मेलानॉक्स या कंपनीने मागणीनुसार पृष्ठे आणण्याचे स्वतंत्र तंत्र विकसित केले. लिनक्समध्ये ते २०१५ मध्ये ३.१९ या आवृत्तीत आले. कार्ड स्वतः डेटा पाठवत असेल, तर त्याला थांबणे सोपे जाते. बाहेरून डेटा येत असताना फॉल्ट झाला, तर पलीकडच्या यंत्राला थोड्या वेळाने पुन्हा पाठवण्यास सांगावे लागते किंवा आलेला डेटा तात्पुरता दुसरीकडे ठेवावा लागतो.

### फॉल्ट कोणाकडे द्यावा

आभासी यंत्रातील प्रोग्रामाने आपले पत्ते थेट उपकरणाला दिले, तर उपकरणाचा फॉल्टही दोन स्तरांवर होऊ शकतो. अतिथीच्या सारणीत नोंद नसेल, तर विनंती अतिथी प्रणालीपर्यंत पोहोचवावी लागते. यासाठी हायपरवायझर तिला एक आभासी आयओएमएमयू दाखवतो आणि विनंती त्याच्या रांगेत टाकतो. नोंद दुसऱ्या स्तरावर नसेल, तर हायपरवायझर ती स्वतः निकाली काढतो. लिनक्समध्ये या कामासाठी आयओएमएमयूएफडी ही चौकट २०२३ मध्ये आली आणि उपकरणाचे फॉल्ट क्यूएमूसारख्या प्रोग्रामांपर्यंत पोहोचवण्याची सोय तिच्यात २०२४ मध्ये झाली.

अतिथी प्रणालीने उत्तर दिलेच नाही, तर उपकरणाचे काम अडून राहते. एखाद्या आभासी यंत्राने विनंत्यांचा भडिमार केला, तर सर्वांची सामाईक रांग भरून इतरांच्या विनंत्या खोळंबू शकतात. म्हणून प्रत्येक उपकरणाच्या अनिर्णित विनंत्यांच्या संख्येवर मर्यादा घातली जाते.

## ग्राफिक्स प्रोसेसर

ग्राफिक्स प्रोसेसरच्या बाबतीत वर सांगितलेल्या दोन्ही दिशा एकत्र येतात. त्याची स्मृती प्रोसेसर वाचतो आणि मुख्य स्मृती तो स्वतः वाचतो. त्यात हजारो धागे एकाच वेळी चालत असल्याने काही धागे फॉल्टमुळे थांबले, तरी इतर धागे काम करू शकतात. थांबण्याची ही क्षमता अन्य बहुतेक उपकरणांत नसते.

एनव्हिडियाच्या २०१६ मधील पास्कल रचनेत ४९ बिटांचे आभासी पत्ते आणि हार्डवेअरमधील पेज फॉल्ट यांची सोय झाली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर दोघांनीही एकच पत्ता वापरायचा आणि फॉल्ट होईल तेव्हा पृष्ठ एका स्मृतीतून दुसरीत हलवायचे, अशी ही एकात्म स्मृतीची पद्धत आहे. अशा उपकरणांसाठी लिनक्सने २०१७ मध्ये ४.१४ या आवृत्तीत विषमजातीय स्मृती व्यवस्थापनाचा भाग समाविष्ट केला.

एकच ग्राफिक्स प्रोसेसर अनेक आभासी यंत्रांत वाटला, तर फॉल्टच्या हाताळणीचा प्रश्न अधिक बिकट होतो. एनव्हिडियाच्या आभासी ग्राफिक्स प्रोसेसरांवर एकात्म स्मृती मुळात बंद ठेवलेली असते व गरजेनुसार प्रत्येकासाठी वेगळी सुरू करावी लागते. २०२० मधील ए१०० या प्रोसेसरचे हार्डवेअरमध्येच जास्तीत जास्त सात स्वतंत्र भाग करता येतात व प्रत्येक भागाला आपली वेगळी स्मृती मिळते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

पुणे येथे मुख्यालय असलेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या परम संगणकांच्या मालिकेत या विषयाच्या वाटचालीचा एक पट पाहता येतो. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. ट्रान्सप्युटरमध्ये स्मृती व्यवस्थापन एककच नव्हते. प्रोग्राम प्रत्यक्ष पत्तेच वापरत. त्यामुळे त्यावर पेज फॉल्ट होण्याचा प्रश्नच नव्हता आणि एका प्रोग्रामाला दुसऱ्याच्या स्मृतीपासून दूर ठेवणारे हार्डवेअरचे संरक्षणही नव्हते. १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर आले आणि त्यांच्यासोबत आभासी स्मृतीही आली.

सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० ग्राफिक्स प्रोसेसरांवर आधारलेला आहे. नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत त्याला ६३ वे स्थान मिळाले. ज्या मालिकेच्या आरंभी प्रोसेसरलाही पेज फॉल्ट ठाऊक नव्हता, तिच्यातील या संगणकात प्रोसेसरला जोडलेले उपकरणही स्वतः पेज फॉल्ट करू शकते.

व्यावसायिक क्षेत्रात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपल्या मेघ-संगणन सेवांची केंद्रे सुरू केली. अशा केंद्रांत परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक ग्राहकांची आभासी यंत्रे एकाच संगणकावर चालतात. त्यामुळे एका यंत्राला सोपवलेल्या उपकरणाने दुसऱ्याच्या स्मृतीत शिरू नये आणि एका यंत्राच्या फॉल्टमुळे संपूर्ण संगणक बंद पडू नये, या दोन्ही गोष्टी तेथे अत्यावश्यक ठरतात.

## मर्यादा

पृष्ठ-विनंतीच्या पद्धतीमुळे स्मृती जखडण्याची गरज कमी होते, परंतु ती पूर्णपणे संपलेली नाही. उपकरणाच्या फॉल्टला प्रोसेसरच्या फॉल्टपेक्षा अधिक वेळ लागतो, कारण विनंती, इंटरप्ट आणि उत्तर हे सर्व पीसीआय मार्गावरून ये-जा करतात. ध्वनी, दृक्‌चित्रण किंवा यंत्रनियंत्रण यांसारख्या कालबद्ध कामांत एवढा विलंबही चालत नाही. त्यामुळे वारंवार लागणारी पृष्ठे जखडून ठेवायची आणि उरलेली फॉल्टवर सोडायची, असा मध्यममार्ग स्वीकारता येतो.

अनुकरण केलेल्या उपकरणांच्या बाबतीत मर्यादा वेगळी आहे. फॉल्टनंतर चालणारा अनुकारक स्वतः निर्दोष असावा लागतो. २०१५ मध्ये उघडकीस आलेला व्हेनम हा दोष क्यूएमूच्या फ्लॉपी नियंत्रकाच्या अनुकरणात होता आणि त्याद्वारे आभासी यंत्रातून यजमानात शिरकाव करणे शक्य होते. व्यवहार अडवणे हे संरक्षणाचे पहिले पाऊल आहे. अडवलेल्या व्यवहाराची काटेकोर तपासणी झाली तरच ते संरक्षण पूर्ण होते.